नव्वद टक्केवाल्या बॉयलरला खुले पत्र

बॉयलर,

पत्राच्या आरंभी 'सप्रेम नमस्कार' लिहायची आमच्याकडे रीत आहे. तुला मी तो लिहीत नाही. प्रेम नाही, आणि नमस्कार करावा असं तुझ्या हातून काही घडलेलं नाही. ग्लासगोतल्या एका जुन्या, दगडी इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर, माझ्या स्वयंपाकघरातल्या कपाटात तू भिंतीला लटकून आहेस. मी हे घर घेतलं तेव्हापासून आहेस. खाली गॅसची नळी, वर भिंतीबाहेर गेलेलं धुराडं आणि छातीवर एक चिकटपट्टी: कार्यक्षमता नव्वद टक्के, श्रेणी 'ए'. तुझ्यावरचा माझा सगळा राग त्या चिकटपट्टीवर आहे.

पत्र उघड लिहितोय, कारण तू एकटा नाहीस. ब्रिटनमध्ये दोन कोटींहून जास्त घरांत तुझी भावंडं अशीच लटकलेली आहेत आणि सगळ्यांच्या छातीवर साधारण हाच आकडा आहे.

गेल्या जानेवारीत तू बंद पडलास. बाहेर पाणी गोठलेलं, आत आम्ही जाकिटं घालून जेवत होतो. दुरुस्तीला आलेल्या माणसानं तुझं झाकण उघडलं, वीस मिनिटं पाहिलं आणि सांगितलं, "याचा भाग आता मिळणं कठीण. नवा घ्या. त्याच जागी, त्याच नळ्यांवर, एका दिवसात बसवून देतो." मी विचारलं, दुसरं काही बसवता येईल का? तो माझ्याकडे असा बघत राहिला, की जणू मी प्यायच्या पाण्याला पर्याय विचारला. शेवटी भाग मिळाला, तू पुन्हा सुरू झालास. पण त्या चार थंड रात्रींत मी तुझ्याविषयी जेवढा विचार केला तेवढा आधी कधी केला नव्हता. मी यंत्र-अभियंता आहे. मला हे आधीच सुचायला हवं होतं.

तुझा गुन्हा सांगतो. तुझ्या पोटात मिथेन जळतो. त्या ज्योतीचं तापमान दोन हजार अंशांच्या जवळपास जातं. एवढ्या तापमानाला पोलाद वितळतं. आणि या ज्योतीकडून तू काम काय करून घेतोस? माझी खोली वीस अंशांवर आणतोस. बाहेर शून्य, आत वीस. वीस पायऱ्या चढायच्या होत्या, त्यासाठी तू दोन हजार पायऱ्या वर गेलास आणि तिथून खाली उडी मारलीस. मधल्या सगळ्या उंचीचं तू काहीही केलं नाहीस.

हे मला जिथून कळलं ती जागा माझ्या घरापासून चालत वीस मिनिटांवर आहे. केल्विनग्रोव्ह बागेत लॉर्ड केल्विनचा पुतळा आहे. खुर्चीत बसलेला, मांडीवर वही. त्याच्याजवळून वाहते ती केल्विन नदी. उमरावपद मिळालं तेव्हा त्यानं तिचंच नाव घेतलं. त्याआधी तो विल्यम थॉमसन होता. १८४६ साली, वयाच्या बाविसाव्या वर्षी तो ग्लासगो विद्यापीठात प्राध्यापक झाला आणि त्रेपन्न वर्षं तिथेच शिकवत राहिला. १८५२ च्या डिसेंबरात, याच गावातल्या फिलॉसॉफिकल सोसायटीपुढे त्यानं एक निबंध मांडला. विषय होता इमारती गरम किंवा थंड करण्यातली काटकसर. त्यात त्यानं असं यंत्र सुचवलं, की जे बाहेरच्या थंड हवेतलीच उष्णता गोळा करून आत सोडेल. यंत्र फिरवायला वाफेचं इंजिन. त्या काळची वाफेची इंजिनं कोळशातली नऊ-दशांश शक्ती वाया घालवत. तेवढा तोटा पोटात घालूनसुद्धा, कोळसा शेगडीत सरळ जाळण्यापेक्षा इंजिनात जाळून हे यंत्र फिरवलं तर कमी कोळशात तेवढीच ऊब मिळेल, हे त्यानं आकडेमोड करून दाखवलं.

बॉयलर, नीट वाच. उष्णता-पंपाची पहिली कल्पनाच इंजिनावर चालणाऱ्या पंपाची होती. विजेची तारही तेव्हा कोणाच्या घरात आलेली नव्हती. ज्या गावात हे सांगितलं गेलं, त्याच गावात पावणेदोनशे वर्षांनी तू माझ्या कपाटात बसून दोन हजार अंशांची ज्योत नुसती जाळतोयस.

आता तुझ्या नव्वद टक्क्यांकडे येतो. शंभर युनिट गॅस आत, नव्वद युनिट उष्णता रेडिएटरमध्ये, दहा धुराड्यातून बाहेर. हा हिशेब खोटा नाही, पण अर्धा आहे. त्यात फक्त किती उष्णता हे मोजलं. कुठल्या प्रतीची, हे मोजलंच नाही. केल्विनच्याच नावाच्या मापानं वीस अंश म्हणजे २९३. बाहेर शून्य आणि आत वीस असेल, तर आदर्श यंत्राला शंभर युनिट ऊब आत आणायला वीस भागिले दोनशे त्र्याण्णव, म्हणजे जेमतेम सात युनिट काम पुरतं. उरलेली त्र्याण्णव बाहेरच्या हवेतून फुकट येतात. गॅसमधली जवळजवळ सगळी शक्ती, तत्त्वतः, काम करू शकणारी असते. तू त्यातली शंभर युनिटं जाळून नव्वद युनिटांची ऊब दिलीस. तिला खरं काम लागत होतं सहा युनिटांचं. या पट्टीवर तुझी कार्यक्षमता सहा टक्के आहे. तुझ्या छातीवर सहा लिहिलेलं असतं, तर तो माणूस 'त्याच जागी नवा घ्या' असं इतक्या सहज म्हणाला नसता.

आणि ते नव्वदसुद्धा तू रोज देत नाहीस. तू कंडेन्सिंग जातीचा आहेस. धुरातली वाफ पुन्हा पाणी होऊन तिची उष्णता परत मिळावी, यासाठी तुझी जात जन्माला आली. २००५ पासून इंग्लंड-वेल्समध्ये, आणि पुढे इथेही, नवीन बसवायचा बॉयलर या जातीचाच हवा, असा नियम झाला. पण वाफेचं पाणी व्हायला रेडिएटरहून परतणारं पाणी पंचावन्न अंशांच्या खाली असावं लागतं. तुला बसवणाऱ्यानं तापमान पंच्याहत्तरवर ठेवलं आणि निघून गेला. सकाळी धुराड्याच्या तोंडाशी पांढऱ्या वाफेचे लोट दिसतात, तेव्हा माझे पैसे मला डोळ्यांनी दिसतात.

तुला वाटेल, हे सगळं पुस्तकी आहे. म्हणून तुला आमच्या मळ्यातल्या विहिरीवर नेतो.

मिरजेजवळ आमच्या आजोबांचा मळा होता. वीज यायच्या आधी विहिरीवर डिझेल इंजिन होतं, पाच हॉर्सपॉवरचं. हॅंडल मारून ते सुरू करायचं, मग त्याचा तो ठक-ठक-ठक आवाज गावाच्या वेशीपर्यंत ऐकू यायचा. इंजिन पंप फिरवायचं, पंप विहिरीतलं पाणी उपसून पाटात सोडायचा. इंजिन तापू नये म्हणून उपसलेल्या पाण्यातलंच थोडं त्याच्या जॅकेटातून फिरवून एका बारीक नळीनं बाहेर काढलेलं असायचं. त्या नळीचं पाणी कोमट, कधी चांगलं कढत. डिसेंबर-जानेवारीत पहाटे ऊस भिजवायची पाळी असली की आम्ही पोरं त्या नळीखाली अंघोळ करायचो. घरी बंब पेटवायची गरज नसायची. आजोबा म्हणायचे, डिझेल उसाला आणि वाफ पोरांना.

बॉयलर, इंजिनावर चालणारा उष्णता-पंप म्हणजे हेच. विहिरीच्या जागी बाहेरची हवा धर, पाण्याच्या जागी उष्णता. खोलगट, थंड जागेतली उष्णता उपसून वर, उबदार घरात सोडायची. उपसण्याचं काम काँप्रेसर करतो, फ्रिजमध्ये करतो तसंच. फ्रिजच्या मागची जाळी हाताला गरम लागते ती आतल्या भाजीदुधातून उपसलेल्या उष्णतेमुळे. आणि काँप्रेसर फिरवायला गॅसवर चालणारं इंजिन. त्या इंजिनाच्या जॅकेटातलं कढत पाणी आणि सायलेन्सरमधली उष्णता फेकून न देता तीही घरातच आणायची.

कॉलेजात आम्हाला इंजिनाच्या प्रयोगात 'हीट बॅलन्स शीट' भरायला लावायचे. महाराष्ट्रातल्या प्रत्येक मेकॅनिकलवाल्यानं तो तक्ता भरलेला आहे. इंधनातला साधारण तिसरा हिस्सा शाफ्टवर, तिसरा जॅकेटच्या पाण्यात, तिसरा धुरात. परीक्षेपुरतं आम्ही ते पाठ करायचो, आणि पुढे शाफ्टवरच्या हिश्शाला 'उपयोगी' आणि बाकीच्या दोघांना 'तोटा' म्हणायचो. घर गरम करायचं असेल तर ते दोन हिस्से तोटा नसतात. तोच तक्ता तुझ्यासाठी पुन्हा मांडतो. गॅस शंभर युनिट. शाफ्टवर तीस. जॅकेट आणि धूर मिळून पन्नास परत मिळतात. वीस गेले. आता शाफ्टवरच्या तीस युनिटांनी पंप फिरला आणि एकास तीन या प्रमाणात उष्णता उपसली: नव्वद. अधिक पन्नास. एकूण एकशेचाळीस.

शंभर युनिट गॅसमधून एकशेचाळीस युनिट ऊब. तुझी नव्वद. कडाक्याच्या थंडीत, अर्ध्या भारावर, जुन्या रेडिएटरांवर हा आकडा खाली येतो, एकशेवीस-एकशेतीस धरू. तरी तो शंभराच्या वर आहे, आणि तू कितीही सुधारलास तरी शंभराला शिवू शकत नाहीस. तुझी नळी तीच, गॅस तोच, मीटर तेच. म्हणजे 'गॅसचं घर आहे, दुसरं काय करणार' ही तुझी ढाल फसवी आहे. दुसरं करता येत होतं, आणि तेही याच गॅसवर.

तुझी बाजूही ऐकतो. तू म्हणशील, इंजिन आवाज करतं, त्याला तेल बदलावं लागतं, स्पार्क प्लग बदलावे लागतात, जागा लागते, किंमत माझ्या कितीतरी पट. खरं आहे. अमेरिकेत एका घराला पुरेल एवढं छोटं इंजिन-पंप यंत्र १९९४ साली बाजारात आलं. 'यॉर्क' कंपनीनं आणलं, नाव 'ट्रायथलॉन'. त्यामागे गॅस-संशोधन संस्थेची अनेक वर्षांची मेहनत होती. थोड्याच वर्षांत ते बंद झालं. एका घरासाठी एक इंजिन पाळणं म्हणजे चहापुरत्या दुधासाठी म्हैस पाळणं. तिचा चारा, तिचा गोठा, तिचा डॉक्टर, सगळं एकाच घराच्या डोक्यावर. तिथे तू जिंकलास हे मी मान्य करतो.

लंडनमध्येही एक प्रयत्न झाला होता. १९५१ साली टेम्स नदीच्या काठी रॉयल फेस्टिव्हल हॉल उभा राहिला, तेव्हा तो गरम करायला नदीच्या पाण्यातली उष्णता उपसणारा पंप बसवला, आणि तो फिरवायला होती कोळशापासून केलेल्या शहरी गॅसवर चालणारी इंजिनं. हिवाळ्यात ऊब, उन्हाळ्यात गारवा, दोन्ही त्याच यंत्रातून. महायुद्ध संपून सहा वर्षं झाली होती, देशात अजून रेशन होतं. त्या दिवसांत कोळशाची किंमत कळलेली माणसं हे करत होती. यंत्र हॉलच्या गरजेपेक्षा फार मोठं ठरलं आणि काढून टाकलं गेलं. चूक आकाराची होती, तत्त्वाची नव्हती. पण पुढे १९६५ साली उत्तर समुद्रात नैसर्गिक वायू सापडला, तो स्वस्त होता, आणि चूक दुरुस्त करायची कोणाला गरज वाटली नाही.

त्या वायूची गोष्ट मला फार लागते. जुना शहरी गॅस आणि समुद्रातला नवा वायू यांची जळण्याची रीत वेगळी. जुन्या बर्नरमध्ये नवा वायू चालत नव्हता. म्हणून १९६७ ते १९७७ या दहा वर्षांत या देशानं घरोघरी माणसं पाठवून प्रत्येक शेगडी, प्रत्येक गीझर, प्रत्येक बर्नर बदलला. गल्ली गल्ली करत, दार ठोठावत. जो देश दहा वर्षांत प्रत्येक घरातली ज्योत बदलू शकतो, त्याच देशात मला आज सांगितलं जातं की घराघरातली व्यवस्था बदलणं अशक्य आहे. त्या दहा वर्षांत बर्नरबरोबर थोडं डोकंही चालवलं असतं तर तू जन्मालाच आला नसतास.

जपाननं ते डोकं चालवलं. तिथे स्वतःचा गॅस जवळजवळ नाही; द्रवरूप वायूचं पहिलं जहाज १९६९ साली अलास्काहून आलं, आणि तेव्हापासून जळणारा जवळजवळ प्रत्येक घनमीटर समुद्रावरून विकत आणलेला. १९७३ च्या तेलसंकटानं उरलीसुरली झोप उडाली. उन्हाळ्यात एअर कंडिशनरमुळे विजेची मागणी छपराला लागायची, आणि त्याच उन्हाळ्यात गॅस कंपन्यांच्या नळ्या रिकाम्या. या दोन दुखण्यांवर एकच औषध म्हणून १९८७ च्या सुमारास गॅसच्या इंजिनावर चालणारे पंप तिथे बाजारात आले. बनवणाऱ्यांत होती यानमार. ही ओसाकाची कंपनी. १९३३ साली लहान डिझेल इंजिन बनवून ते शेतकऱ्याच्या हाती देणारी. मला हे वाचून आमची विहीर आठवली. भाताच्या शेतात पंप फिरवणारं इंजिन बनवणाऱ्यांनाच पुढे उष्णता उपसायला इंजिन लावायचं सुचलं, यात नवल नाही. इंजिनाचं गरम पाणी ज्यानं अंगावर घेतलंय, त्याला ते गटारात जाताना बघवत नाही.

तिथे ही यंत्रं एकेका घराला नाही बसवली. शाळा, दवाखाने, कचेऱ्या, दुकानांच्या इमारती. छपरावर किंवा मागच्या अंगणात एक मोठं कपाट, आत इंजिन, रबरी पायांवर आणि आवाज गिळणाऱ्या भिंतींत बंद. मोठी तपासणी साधारण दहा हजार तासांनी. थंडीत विजेवरच्या पंपाच्या बाहेरच्या जाळीवर बर्फ धरतं आणि ते वितळवायला पंपाला मधेच थांबावं लागतं. इंजिनाच्या पंपाकडे जॅकेटचं गरम पाणी असतंच, त्यामुळे तो न थांबता चालू राहतो. पुढे त्यांनी इंजिनालाच छोटं जनित्र जोडलं. भूकंपात वीज गेली तरी यंत्र आपलं आपण सुरू होतं. शाळेचा व्यायामहॉल हा तिथे संकटातला निवारा असतो. सिलिंडरच्या गॅसवर चालणारी अशी यंत्रं म्हणूनच तिथे बसवतात. उघड्यावर आलेल्या माणसांना ऊब आणि दिवे, दोन्ही. तुझं सांगू? वीज गेली की तुझा पंखा आणि पंप बंद, आणि पोटात गॅस असूनही तू थंड. गेल्या वादळात आम्ही ते अनुभवलं.

आता मला माझ्या जिन्याबद्दल बोलू दे. ग्लासगोच्या या इमारतींना टेनेमेंट म्हणतात. पुण्यातल्या वाड्यात किंवा गिरगावच्या चाळीत वाढलेल्या माणसाला इथे परकं वाटत नाही. रस्त्यावरून आत शिरलं की एक सामायिक दगडी जिना, त्याला 'क्लोज' म्हणतात; चार मजले, मजल्यावर दोन घरं, अशी आठ. मागे सामायिक अंगण, त्यात कचऱ्याचे डबे आणि कपडे वाळत घालायचे खांब. जिना कोण कधी झाडणार याची पाळी शंभर वर्षांपूर्वी ठरायची आणि अजूनही त्यावरून भांडण होतं.

या आठ घरांत तुम्ही आठ जण आहात. तुमच्यातल्या सर्वांत लहानाची ताकद चोवीस किलोवॉट. आठ गुणिले चोवीस, एकशेब्याण्णव. एवढी ताकद कशाला? नळाचं पाणी एका क्षणात गरम व्हावं म्हणून. आठही घरांना कडाक्याच्या थंडीत मिळून ऊब लागते ती माझ्या मोजणीनं पन्नास किलोवॉटच्या आसपास. मी ती मोजली आहे. भिंतींची जाडी, खिडक्यांची काच, छताखालची लोकर, सगळं टेप घेऊन. जपानमध्ये ज्याला वीस हॉर्सपॉवरच्या श्रेणीचं यंत्र म्हणतात ते साधारण त्रेसष्ट किलोवॉट उष्णता देतं. एक यंत्र, मागच्या अंगणात, डब्यांच्या शेडशेजारी. म्हैस एका घराला परवडत नाही, पण वाड्यातल्या आठ बिऱ्हाडांना एक म्हैस सहज परवडते. या शहरातल्या कितीतरी जिन्यांना हे तीस वर्षांपूर्वी शोभलं असतं. ते झालं नाही, कारण तू एकेका घरात, एकेका कपाटात, एकेका बिलावर बसलास आणि आठ शेजाऱ्यांना तू एकत्र विचारच करू दिला नाहीस.

याची किंमत कोणी दिली ते तुला माहीत असायला हवं. २०२२ च्या ऑक्टोबरात इथे गॅस सुमारे १०.३ पेन्स युनिट झाला आणि वीज ३४ पेन्स. सरकारनं हात घालूनही सामान्य घराचं वर्षाचं बिल अडीच हजार पौंडांवर. माझ्या वर तिसऱ्या मजल्यावर एक आजी राहतात, ऐंशीच्या पुढच्या, एकट्या. त्या हिवाळ्यात मी त्यांना सूप द्यायला गेलो तर हातमोजे घालून, मांडीवर गरम पाण्याची पिशवी घेऊन त्या रेडिओ ऐकत बसल्या होत्या. रेडिएटर गार. "संध्याकाळी दोन तास लावते," त्या म्हणाल्या, "तेवढं पुरतं." पुरत नव्हतं. त्यांचे ओठ निळे पडले होते.

त्या रात्री मी हिशेब केला. तुझ्याकडून मिळालेली एक युनिट ऊब: ११.४ पेन्स. विजेवरच्या पंपाकडून, एकास तीन धरून: ११.३ पेन्स. जवळजवळ तेवढीच, कारण वीज गॅसच्या तिपटीहून महाग ठेवली आहे, आणि म्हणून लोक पंप घेत नाहीत आणि तू टिकतोस. अंगणातल्या इंजिन-पंपाकडून, एकशेतीस धरून: ८ पेन्सच्या आत. तेल आणि देखभाल वेगळी, ती आठांत वाटून. आजींना तेवढ्याच पैशांत दोनच्या जागी जवळजवळ तीन तास मिळाले असते. मी हा कागद अजून जपून ठेवलाय.

आता तू शेवटचा डाव टाकशील, मला माहीत आहे. तू म्हणशील, तुझं ते इंजिनही गॅसच जाळतं. धूर तेही सोडतं. होय. शिवाय इंजिनाच्या धुरात थोडा न जळलेला मिथेन निसटतो, तो हवेला कार्बन डायऑक्साइडपेक्षा कितीतरी जास्त जाचक. मी ते लपवत नाही. आज नव्यानं पैसे घालायचे तर मी अंगणात इंजिन बसवा म्हणणार नाही. स्कॉटलंडच्या डोंगरांवर आणि समुद्रात पवनचक्क्या फिरतात. त्यांच्या विजेवर पंप फिरला तर जाळायचं काही उरतच नाही. इंजिनाची वेळ होती १९७० ते २०१०, जेव्हा वीजही बहुतांशी कोळसा नाहीतर गॅस जाळूनच यायची आणि वीजघरात निम्म्याहून जास्त उष्णता वाया जायची. ती चाळीस वर्षं तू खाल्लीस. त्या चाळीस वर्षांचा वायू समुद्राच्या तळातून काढला, दोन हजार अंशांवर जाळला आणि वीस अंशांची ऊब केली. तो आता परत येणार नाही. माझी तक्रार याची आहे.

आणि पंप चालतो की नाही, यावर वाद घालायला तू मला कुठे नेणार? मी तुला क्लाइडबँकला नेतो, इथून लोकलनं वीस-पंचवीस मिनिटं. जिथे जॉन ब्राउनच्या गोदीत 'क्वीन मेरी' जहाज बांधलं गेलं, त्या जागेवर आता क्वीन्स की नावाची नवी वस्ती उभी राहते आहे. तिथल्या घरांना ऊब येते क्लाइड नदीच्या पाण्यातून. दोन मोठे पंप, मिळून पाच मेगावॉटच्या वर. बनवणारी कंपनी ग्लासगोचीच. हिवाळ्यात मी त्या नदीत हात बुडवून पाहिलाय. बोटं बधिर झाली. त्याच पाण्यातून ऐंशी अंशांचं पाणी निघतं. तिथे उभा असताना मला आमच्या विहिरीचा ठक-ठक आवाज आठवला आणि मी पंपांच्या इमारतीच्या भिंतीला कान लावला. बारीक गुणगुण ऐकू येत होती.

२०२४ च्या एप्रिलपासून स्कॉटलंडमधल्या नव्या घरांत तुला बसवायला मनाई आहे. जुन्या घरांत तू अजून आहेस, आणि तिथून कोणी तुला कायद्यानं हलवेल अशी मी वाट पाहत बसलेलो नाही. तुझं तापमान मी पंचावन्नवर आणून ठेवलंय; धुराड्याची वाफ कमी झाली, घर तेवढंच गरम आहे. तुला बसवणाऱ्यानं हे पहिल्या दिवशी करायला हवं होतं.

येत्या गुरुवारी संध्याकाळी जिन्याच्या पायथ्याशी आठ घरांची बैठक बोलावली आहे. माझे कागद तयार आहेत: आठांची मिळून पन्नास किलोवॉटची गरज, अंगणात एकच पंप, विजेवरचा, आणि आठांची बिलं. तळमजल्यावरच्यांचा प्रश्न जागेचा आहे, समोरच्यांचा पैशांचा. तिसऱ्या मजल्यावरच्या आजींना काल जिन्यात भेटलो तेव्हा त्यांनी एकच विचारलं: रात्री आवाज किती येईल? मी म्हटलं, फ्रिजपेक्षा थोडा जास्त, आणि तो खाली अंगणात. त्या म्हणाल्या, मग गुरुवारी मी खुर्ची घेऊन येते, उभं राहवत नाही.

त्यांची खुर्ची मी खाली नेणार आहे.

तुझ्या कपाटाचा मालक,
दुसरा मजला, डावीकडचं दार, ग्लासगो